माझं सीआरपी बोलत नाही

सीआरपी, म्हणजे अंगात सूज किती ते दाखवणारं रक्तातलं माप, नॉर्मल आलं की घरात सगळ्यांना हायसं वाटतं. मला वाटत नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला वरचेवर सूज येण्याचा आजार, मागे लागून आता बरीच वर्षं झाली, आणि माझ्या रक्तातलं सीआरपी माझ्या आतड्याबद्दल फारसं काही सांगत नाही हे मला पक्कं ठाऊक झालंय. संडासातून रक्त जातंय, रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतंय, आणि कागदावर सीआरपी 4. लॅबमधला मुलगा रिपोर्ट हातात देताना म्हणतो, "ताई, सगळं ओके आहे." त्याचं तरी काय चुकलं? कागदावर छापलेलं ओकेच असतं.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची. पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. दुखणं सुरू झालं ते आव म्हणूनच. आमच्याकडं पावसाळ्यात आव कुणाला पडत नाही? गोळ्या घेतल्या, चार दिवस बरं वाटलं, परत मुरडा, परत रक्त. बेलाचा मुरंबा झाला, डाळिंबाच्या सालीचा काढा झाला, ताकातून सुंठ झाली. कोर्सवर कोर्स होऊनही रक्त थांबेना तेव्हा इथल्याच फिजिशियननी संभाजीनगरला पोटाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिथं दुर्बिणीतून आतडं बघितलं, तुकडा काढून तपासला आणि निदान झालं: मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाचा अल्सरेटिव्ह कोलायटिस. गुदाशयापासून डाव्या बाजूच्या वळणापर्यंत आतलं अस्तर सुजलेलं, त्याच्या पुढचं आतडं चांगलं.

संभाजीनगरला मी रेल्वेनंच जाते. एसटी जवळ पडते, वेळाही बऱ्या आहेत, पण एसटीत संडास नसतो. ज्याला हा आजार आहे त्याला एवढ्यात सगळं समजेल.

पहिल्या भेटीत डॉक्टरांनी लिहून दिलेली रक्ताची यादी लांबलचक होती. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ईएसआर म्हणजे सुजेचं आणखी एक माप, सीआरपी, लिव्हर, क्रिएटिनिन, आणि अल्ब्युमिन नावाचं रक्तातलं प्रथिन. सासूबाईंनी ती यादी बघितली आणि म्हणाल्या, "कामून इतकं रक्त काढतेत गं? रक्त कमी हाय म्हणतेत, अन् परत रक्तच काढतेत." उत्तर माझ्याकडे नव्हतं. दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालता येत नाही, म्हणून रक्तावरून अंदाज घ्यायचा, एवढंच मला सांगितलं होतं.

डॉक्टरांनी सीआरपीचं काम सोप्या शब्दांत समजावलं. शरीरात कुठंही सूज आली की तिथल्या पेशी रक्तातून यकृताला निरोप धाडतात आणि यकृत सीआरपी तयार करायला लागतं. काही तासांत ते वाढतं. रक्तातलं निम्मं सीआरपी साधारण 19 तासांत संपतं, म्हणून सूज उतरली की तेही भराभर उतरतं. आज औषध बदललं तर आठवडाभरात फरक दिसावा, असं हे चपळ माप आहे. पण ते सुजेचा पत्ता सांगत नाही. 1930 मध्ये ते पहिल्यांदा सापडलं तेही न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात. आतड्याचं आणि त्याचं खास नातं असं काही नाही.

आणि कोलायटिसमध्ये आणखी एक गोम आहे. क्रोन्स नावाच्या भावकीतल्या आजारात सूज आतड्याच्या भिंतीच्या आरपार जाते, तिथं सीआरपी बहुधा चांगलं वाढतं. कोलायटिसमध्ये सूज आतल्या अस्तरापुरती राहते. त्यातून आजार फक्त खालच्या भागात असला तर यकृतापर्यंत निरोप पोचेलच असं नाही. सगळं मोठं आतडं धरलेल्या रोग्याचं सीआरपी चांगलंच वर जातं. दवाखान्याच्या बाकावर जालन्याचा एक कॉलेजातला मुलगा भेटला होता. त्याला भरती करून सलाईनमधून स्टिरॉइड दिलं होतं, आणि तिसऱ्या दिवशीच्या सीआरपीकडे अख्खं घर डोळे लावून बसलं होतं. तिसऱ्या दिवशीही ते 45 च्या वर आणि संडास थांबत नसेल तर नुसत्या स्टिरॉइडवर भागण्याची आशा कमी, मग पुढचं औषध किंवा ऑपरेशन, असं गणित असतं. त्याच्यासाठी सीआरपी म्हणजे जीव की प्राण. माझ्या सगळ्यात वाईट दिवसांतही ते 9 च्या वर गेलं नाही.

त्या 9 ची एक गंमत आहे. आमच्या गावातल्या एका लॅबमध्ये तेव्हा सीआरपीचा आकडा मिळायचाच नाही. काळ्या काचेच्या पट्टीवर सिरमचा एक थेंब, त्याच्यावर पांढऱ्या लॅटेक्सचा एक थेंब, काडीनं कालवायचं आणि दोन मिनिटं पट्टी हळूहळू हलवत बसायचं. लिटरला 6 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बारीक बारीक दाणे धरतात. नसेल तर थेंब एकसारखा राहतो. मी स्टुलावर बसून हे बघितलंय, दाणे धरतात का म्हणून मान पुढे काढून. धरले. कागदावर आलं "पॉझिटिव्ह". आता पॉझिटिव्ह म्हणजे 7 की 70? संभाजीनगरच्या डॉक्टरांना आकडा हवा. मग दुसऱ्या लॅबमधून सँपल बाहेर पाठवलं, आकडा आला 9. महिन्याभरानं तिसऱ्या ठिकाणी रक्त दिलं, तिथं आला 0.9. आमचे हे एकदम खूश. "अगं, नऊवरून पॉइंट नऊवर आलं!" मी चष्मा लावून आकड्याच्या पुढचं बारीक अक्षर वाचलं. पहिल्या कागदावर लिटरला मिलिग्रॅम होतं, दुसऱ्यावर डेसिलिटरला मिलिग्रॅम. म्हणजे दोन्ही एकच, तसूभर फरक नाही. आकडेमोडीची नोकरी आहे म्हणून लक्षात आलं. ज्यांची नाही त्यांनी हे बारीक अक्षर वाचायचंच. शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीनं तपासून घेतलं तर हा घोळच राहत नाही. शिवाय कुणी "एचएस-सीआरपी करा, ते जास्त भारी असतं" म्हणालं तर भुलू नका. ते हृदयाच्या धोक्याचा अंदाज घेताना अगदी बारीक आकडे मोजायला काढलेलं आहे. आपल्याला साधं, पण आकडा देणारं सीआरपी पुरतं.

आणि हो, उपाशीपोटी जायची गरज नाही. सीबीसी आणि सीआरपीला खाल्लं-न खाल्लं सारखंच. मला मात्र कित्येकदा "उपाशी या" असं सांगून सकाळच्या उन्हात ताटकळत ठेवलंय, साखर तपासायची नसतानाही.

ईएसआरबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. उभ्या नळीत रक्त ठेवायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते बघायचं, एवढीच ती तपासणी. शंभर वर्षांपूर्वीची पद्धत, वीज गेली तरी होते, हे तिचं मोठेपण. पण वयानं ती वाढते, पाळीत वाढते, गरोदरपणात वाढते, हिमोग्लोबिन कमी असलं तरी वाढते. नळी थोडी कललेली असली किंवा खोली तापलेली असली तरी वाढते. आमच्याकडं मे महिन्यात पारा 42 वर असतो आणि लॅबचा पंखाही गरम वाराच फेकतो. तिथल्या ईएसआरवर किती भरवसा ठेवायचा? शिवाय ती उतरते गोगलगायीच्या चालीनं. पोट शांत होऊन कितीतरी दिवस झाले तरी माझी 40 वरून 30 वर यायला तयार नव्हती. डॉक्टर तिच्याकडं बघतात, पण हिमोग्लोबिनच्या शेजारी ठेवूनच.

माझ्या बाबतीत खरं बोलतं ते हिमोग्लोबिन, आणि त्याच्या जोडीला फेरिटिन. पण ते ऐकायला लोकांना वेळ लागला, कारण मी बाई. "बायकांचं हिमोग्लोबिन कमीच असतं" हे वाक्य मी शेजारणीकडून, नणंदेकडून, मेडिकलवाल्याकडून आणि पांढरा कोट घातलेल्या माणसांकडूनही ऐकलंय. 9.4 आलं तर पाळीमुळं, कामामुळं, पालेभाज्या खात नाहीस म्हणून. गूळ-शेंगदाणे खा, लोखंडी तव्यावर भाकरी कर, खारका भिजव. अहो, मी जन्मभर लोखंडी तव्यावरच भाकरी थापत आलेय! बायकांसाठी 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 9.4 ला "असतंच" म्हणायचं नसतं.

फेरिटिनची भानगड मला सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात नीट समजली. फेरिटिन म्हणजे अंगात साठवलेल्या लोहाचं माप. माझं आलं 62. लॅबच्या कागदावरच्या मर्यादेत आरामात बसणारं. गावात सांगितलं गेलं, लोह भरपूर आहे, गोळ्यांची गरज नाही. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तोच कागद बघून उलट सांगितलं. सूज असताना फेरिटिन आपोआप फुगतं, म्हणून आजार शांत असताना 30 च्या खाली म्हणजे लोह कमी, पण आजार जागा असताना 100 पर्यंतसुद्धा लोह कमी असू शकतं. मग त्यांनी ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन नावाची, रक्तातून फिरणाऱ्या लोहाचा अंदाज देणारी, आणखी एक तपासणी करायला लावली. ती 20 टक्क्यांच्या खाली असली तर संशय पक्का. माझी आली 11. म्हणजे गोदाम भरलेलं दिसतंय, पण बाजारात माल नाही.

लोहाच्या गोळ्यांनी माझ्या पोटात आग पडायची. शिवाय संडास काळी होते, आणि रोज संडासचा रंग बघणाऱ्या माणसाला काळा रंग दिसला की जीव टांगणीला लागतो. शेवटी शिरेतून लोह दिलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज. गडद तपकिरी रंगाचं, सलाईनमध्ये कालवलेलं, पाव तासात संपणारं. त्यानंतर हिमोग्लोबिन हळूहळू 12 च्या पुढं गेलं. जिने चढताना धाप लागायची ती थांबली, केस गळायचे थांबले, आणि दुपारी ऑफिसात टेबलावर डोकं टेकायची सवय मोडली. आता हिमोग्लोबिन 12.3 वरून 11.4 वर आलं आणि सीआरपी 3 असलं, तर मी 3 कडे बघत नाही.

प्लेटलेट्सही माझ्याकडं बऱ्यापैकी इमानी आहेत. सूज वाढली किंवा लोह घटलं की त्या वर जातात. एका पावसाळ्यात गावात डेंग्यूची साथ होती. ज्याच्या त्याच्या तोंडी प्लेटलेट्स. कुणाच्या 40 हजार, कुणाच्या 25 हजार, पपईच्या पानांचा रस करणाऱ्यांची रांग. माझ्या आल्या 5 लाख 20 हजार. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुझ्या भरपूर हायेत." मी काय बोलणार? साडेचार लाखांच्या वर माझ्यासाठी ती वाईट बातमी होती.

स्टिरॉइड चालू असताना पांढऱ्या पेशी 13 हजारांवर गेल्या होत्या, तेव्हा एका ठिकाणी जंतुसंसर्ग समजून लगेच अँटिबायोटिक लिहिलं गेलं. स्टिरॉइडनं तसंही वाढतात. तपासणीच्या चिठ्ठीवर चालू औषधं लिहून देत जा, एवढंच म्हणेन.

स्टिरॉइड कमी केलं की आजार परत उसळायचा, म्हणून पुढे अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू झालं. इथून रक्ततपासणीचा अर्थच बदलला. आधी आजारावर नजर होती, आता औषधावरही. हे औषध काही जणांच्या पांढऱ्या पेशी एकदम पाडतं. त्यामागे बऱ्याचदा एनयूडीटी 15 नावाच्या जनुकातला फरक असतो आणि तो आशियाई लोकांत जास्त आढळतो, म्हणून सुरू करण्याआधी त्याची तपासणी करून घेतली. ती चांगली आली तरी सुरुवातीला दर आठवड्याला सीबीसी, मग महिन्याला, मग तीन महिन्यांनी, आणि सोबत लिव्हरची तपासणी. एकदा पांढऱ्या पेशी 3,100 वर आल्या. मला काहीच होत नव्हतं, ना ताप, ना थकवा. मी रिपोर्टचा फोटो पाठवला आणि तासाभरात फोन आला: आजपासून डोस निम्मा, आठवड्यानं परत सीबीसी. त्या दिवशी तपासणी टाळली असती तर कळलंच नसतं. आतड्याची सूज कमी करणाऱ्या मेसालामाइनच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असल्यानं मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही अधूनमधून बघतात. ते आजवर चांगलं आहे.

सीआरपीनं उलटा दगाही दिलाय. पोट अगदी शांत, दिवसातून एकदा बांधीव संडास, हुरड्याच्या दिवसांत थोडा कोवळा हुरडाही पचला होता, आणि नेहमीच्या तपासणीत सीआरपी 62! घरात सुतकी कळा. ह्यांनी संभाजीनगरला जायची पिशवीसुद्धा भरली. डॉक्टरांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "संडासला किती वेळा?" एकदा. "रक्त?" नाही. "ताप, खोकला, लघवीला जळजळ, दात?" दात म्हटल्यावर मी गप्प झाले. अक्कलदाढेच्या मागं गाल सुजला होता, लवंग धरून मी दिवस काढत होते. दाढ काढली, पुढच्या तपासणीत सीआरपी 3. दाढेसाठी आयब्युप्रोफेन घ्यायचं नाही, त्यानं कोलायटिस उसळू शकतो, पॅरासिटामॉलवर भागवायचं, हेही तेव्हाच बजावून सांगितलं.

मग माझ्यासारखीचं आतडं बाहेरून ओळखायचं कसं? रक्तात नाही, संडासात. कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी आहे. आतड्याच्या अस्तरात जमलेल्या पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन संडासावाटे बाहेर पडतं, आणि माझ्यासारख्या मुक्या सीआरपीवाल्यांना त्याचा मोठा आधार असतो. ग्रॅमला 50 मायक्रोग्रॅमच्या आत म्हणजे शांत, 250 च्या वर म्हणजे बहुतेक जागं झालं, आणि मधलं म्हणजे थांबून परत बघा. माझं सीआरपी 4 असताना हे 680 आलं होतं. ते महाग आहे. आमच्या गावात होत नाही, सँपल गोळा करून शहरात पाठवावं लागतं. सकाळची पहिली संडास, छोट्या डबीत, झाकणाच्याच चमच्यानं. काउंटरवर ती डबी देताना पहिल्यांदा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मी डबी ठेवते, नाव नीट लिहिलंय का बघते आणि पावती मागते. आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर घेतल्या असतील तर हाही आकडा फुगतो, म्हणून तेही सांगायचं.

पतसंस्थेत एका संध्याकाळच्या रोख शिलकेवरून संस्था चालतेय की बुडतेय हे कुणी सांगत नाही. आधीची पानं उलटावी लागतात. रिपोर्टचंही मी तसंच करते. एक लांब वही घातलीय. तारीख, लॅब, हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स, पांढऱ्या पेशी, सीआरपी एकाच मापात आणून, फेरिटिन, अल्ब्युमिन. त्याच्या पुढं माझे स्वतःचे रकाने: दिवसातून किती वेळा, रक्त किती, पाळी चालू होती का, ताप-सर्दी होती का, कोणत्या गोळ्या किती. लॅबच्या कागदावरची मर्यादा दुसऱ्या निरोगी लोकांवरून काढलेली असते. माझी मर्यादा माझ्या वहीत असते. अल्ब्युमिन 4.1 वरून 3.6 झालं तर लॅब त्याला ठळक करत नाही, मी करते. डॉक्टर आता रिपोर्टच्या आधी वही मागतात, आणि त्यातही आधी संडासचा रकाना बघतात.

मध्ये एकदा मी त्यांना सरळ विचारलं, माझं सीआरपी बोलतच नाही तर दरवेळी पैसे कशाला घालायचे? ते म्हणाले, आजार डाव्या बाजूला आहे तोवर ते गप्प आहे. उद्या वर सरकला किंवा जोरात उसळला तर बोलेल, आणि तेव्हा मला जुने आकडे लागतील. हे पटलं. सीबीसीबरोबर सीआरपीही चालू ठेवलंय.

त्याच भेटीत त्यांनी चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर एक हिशेब लिहून दिला. ट्रूलव्ह आणि विट्स या इंग्रज डॉक्टरांनी 1955 मध्ये मांडलेला, पुढे थोडा सुधारलेला. दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, आणि त्यासोबत पुढच्यातलं एक जरी असेल तर गंभीर: नाडी 90 च्या वर, ताप 100 च्या वर, हिमोग्लोबिन 10.5 च्या खाली, ईएसआर 30 च्या वर. तसं झालं तर रिपोर्टची वाट बघत गावात बसायचं नाही, थेट भरती व्हायला यायचं. संडास, नाडी आणि ताप घरातच मोजता येतात. मोठ्या पोरीला मनगटावर नाडी मोजायला शिकवलीय, घड्याळ समोर धरून. तो कागद वहीच्या पहिल्या पानाला टाचलाय, आणि रात्री-बेरात्री निघायचं झालं, रेल्वेची वेळ नसली, तर गाडीसाठी कुणाला फोन करायचा ते दोन नंबर त्याच्याखाली मोठ्या अक्षरात लिहिलेत.